आवरू नका, पोरगं घडतंय!

ऐकलंत का? घर आवरणं आता बंद! म्हणजे झाडू-पोछा चालेल, भांडी घासलीत तरी कोणी हरकत घेणार नाही. पण दिवाणखान्यात पोरानं जे काही सांडलं, पसरलं, फाडलं, चिकटवलं असेल त्याला हात लावायचा नाही. का? तर तिथे सर्जनशीलता फुलून राहिली आहे! तुम्ही झाडू फिरवलात की उद्याचा एक शास्त्रज्ञ, एक चित्रकार आणि गेलाबाजार एक वास्तुविशारद सुपडीत जमा झाला म्हणून समजा. नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत आणि बजाजनगरापासून थेट बेशाच्या नव्या टॉवरांपर्यंत हे वारं असं काही शिरलंय, की ज्या घरात फरशी दिसते त्या घरच्या आईकडे लोक काळजीनं बघू लागलेत. 'अगं बाई, इतकं स्वच्छ? मुलाला बरं नाही का?'

घ्या! आणि हे कोणत्या गावात? जिथे आपल्या आयांनी उभी हयात 'हा पसारा कोणाचा?' या एका प्रश्नावर काढली, त्या गावात! आठवतंय ना? तो प्रश्न आला की घरातली चारही पोरं एकदम अनाथ पसाऱ्याकडे परक्यासारखी बघायची. कोणाचाच नसायचा तो. आणि ती शोकेस? काचेची दारं, आत आग्र्याहून आणलेला ताजमहाल, कधीही चहा न पाहिलेला चहाचा सेट आणि लग्नात आलेलं एक पितळी हरीण. मुलीच्या वाढदिवसाला आलेली बाहुलीसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट तिथेच. बाहुली मुलीची, मुक्काम शोकेसमध्ये. मुलीनं काचेच्या बाहेरून खेळायचं! टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, सोफ्याला कव्हर, आणि त्या कव्हराला धूळ लागू नये म्हणून पाहुणे येईस्तोवर वरून जुनी चादर. त्या घरांतून वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या डोळ्यांदेखत हे चाललंय. तोंडात बोटं घालायची नाहीत तर काय करायचं?

परवा अशाच एका घरी जायचा योग आला. नाव सांगत नाही, तुम्ही ओळखाल. दार उघडलं आणि पाय कुठे ठेवायचा हाच प्रश्न. समोर फ्रिजचं खोकं आडवं पडलेलं, त्याला खिडक्या कापलेल्या, त्यावर घरातल्या यच्चयावत ओढण्या. सोफ्याच्या गाद्या खाली, सोफा उघडाबोडका. पंख्याच्या रेग्युलेटरपासून दाराच्या कडीपर्यंत लोकरीचं जाळं, त्यातून वाकून जायचं. आणि मधोमध एका परातीत तूरडाळ, मसूर, हरभरे, राजगिरा आणि साबुदाणा एकत्र कालवलेला, त्यात दोन प्लॅस्टिकचे डायनासोर गळ्यापर्यंत रुतलेले. परातीशेजारी आजी. आजींची नजर डायनासोरवर नव्हती, तुरीवर होती.

'अगं, ही डाळ निवडून ठेवू का?'

'आई, नाही हं! तो सेन्सरी ट्रे आहे.'

'कसला?'

'बोटांना अनुभव मिळतो त्यानं. वेगवेगळे पोत कळतात.'

'मग माझ्यासोबत निवडायलाच बसव ना त्याले. बोटांना अनुभवही मिळेल न् रात्रीची खिचडीही होईल.'

सूनबाईंनी असं काही पाहिलं की आजी गुपचूप स्वयंपाकघरात गेल्या. 1817 साली इंग्रजांनी सीताबर्डीची टेकडी जितक्या हट्टानं लढवली, तितक्याच हट्टानं आता सुना हे खोक्याचे किल्ले लढवताहेत. आत पाऊल टाकायची सासरच्यांची बिशाद आहे का?

बरं, पसाऱ्याला पैसे पडत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल. किती भोळे आहात हो! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. धुतला जाणारा रंग वेगळा, न चिकटणारी वाळू वेगळी, हाताला न लागणारा चिखल त्याहून वेगळा. हो, हाताला न लागणारा चिखल! तो डब्यात येतो, डबा खोक्यात येतो, खोकं कुरिअरनं येतं, आणि पोरगं चिखल बाजूला सारून खोक्यात जाऊन बसतं. पसारा मर्यादेत राहावा म्हणून एक ट्रे, ट्रेखाली मेणकापड, पोराच्या अंगावर बाह्यांचं अॅप्रन, आईच्या हातात ओला टिश्यू. खाली बिल्डिंगच्या मागे फुकटची, खरीखुरी, काळीभोर माती पडली आहे, पण तिथे नाही हं जायचं, तिथे किटाणू आहेत! या सगळ्यात खरं डोकं कोणाचं चाललं माहीत आहे? 'दाग अच्छे हैं' म्हणणाऱ्यांचं. डाग चांगले, असं आपल्याला सांगितलं कोणी, तर कपडे धुण्याची पावडर विकणाऱ्यांनी! आणि आपण माना डोलावल्या. डोलावल्या की नाही?

आता या मंडळींशी वाद घालायला जाल तर सावध. त्यांच्याकडे दाखले आहेत. शुक्रवारचा डबा सोमवारी दप्तरातून निघाला, पोळीला हिरवी लव आलेली, तुम्ही नाक मुरडलंत की लगेच, 'अलेक्झांडर फ्लेमिंगचंही असंच झालं होतं ना!' झालं होतं, बाई. 1928 च्या सप्टेंबरात तो सुटीहून परतला, प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या बशा तशाच पडल्या होत्या, एकीत बुरशी धरली होती आणि बुरशीभोवतीचे जंतू गायब झाले होते. त्यातून पेनिसिलिन निघालं आणि 1945 साली नोबेल. पण बुरशी बघून 'ई!' न म्हणता 'अरेच्चा!' म्हणायला आधी जंतूंचा अभ्यास लागतो, एवढं कोणी सांगत नाही. तुमच्या बंडूच्या डब्यातून फक्त वास निघतो.

मग आईन्स्टाईन. तो तर यांचा कुलस्वामीच! 18 एप्रिल 1955 रोजी तो गेला, त्यानंतर काही तासांतच 'लाइफ'च्या राल्फ मोर्सनं प्रिन्स्टनच्या ऑफिसातल्या त्याच्या टेबलाचा फोटो घेतला. कागदांचा नुसता खच. तो फोटो आता घराघरांतल्या बापांनी मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. का? तर बायकोनं टेबलाकडे बोट दाखवलं की तिच्यापुढे धरायला! अहो, त्या खचात त्याची समीकरणं होती. तुमच्या खचात विजेचं बिल, मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणि हल्दीरामचा रिकामा पुडा आहे. फरक आहे की नाही काही?

आणि तो अमेरिकेतला अभ्यास! तो तर सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी नव्यानं उगवतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होज यांनी 2013 मध्ये तो छापला. काही माणसं आवरलेल्या खोलीत बसवली, काही पसाऱ्यात, आणि विचारलं, पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवा. पसाऱ्यातल्यांना जास्त भन्नाट कल्पना सुचल्या. झालं! ढोल-ताशे! पण फॉरवर्ड करणाऱ्या बायांनी (आणि भाऊंनी, तुम्हीही काही कमी नाही) पुढचा भाग वाचला का? त्याच अभ्यासात आवरलेल्या खोलीतल्या माणसांनी दानधर्म जास्त केला, आणि निघताना चॉकलेट सोडून सफरचंद उचललं. म्हणजे पसारा ठेवा, पोरगं कल्पक होईल आणि चॉकलेट खाईल. आवरून ठेवा, पोरगं दानशूर होईल आणि फळं खाईल. आता बोला! आणि सगळ्यात मजेची गोष्ट, त्या खोल्यांमध्ये बसवलेली सगळी माणसं मोठी होती. लेकरू एकही नव्हतं. ज्या अभ्यासाच्या जिवावर आपण पोरांच्या खोल्यांना हात लावत नाही, तो अभ्यास खरं तर नवऱ्यांच्या टेबलांचा आहे!

पण या पंथाचा सर्वात मोठा सण कोणता म्हणाल, तर जानेवारी 2023. जगाला मोजे कसे दुमडावे हे शिकवणारी, 'आनंद देत नसेल ती वस्तू टाका' म्हणून घराघरांतल्या बायकांची झोप उडवणारी जपानची मारी कोंडो त्या महिन्यात बोलून गेली, की तिसरं मूल झाल्यापासून घर आवरण्याचा नाद आपण बराचसा सोडून दिला आहे. काय सांगू तो जल्लोष! ज्यांनी तिचं ऐकून कपाटातल्या साड्या उभ्या घड्यांत लावल्या होत्या, त्यांनीच त्या दिवशी कपाटं उघडी टाकली. महंतच बाटला म्हटल्यावर भक्तांनी उपास कशाला धरायचा?

एक मात्र कबूल करायला हवं. या वेडाचं मूळ अगदीच हवेत नाही. कोपनहेगनच्या सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकारानं चांगली आखीव बालोद्यानं बांधली, आणि पोरं ती सोडून भंगारात, बांधकामाच्या ढिगाऱ्यात खेळायची. शहाणा माणूस; त्यानं पोरांना दोष दिला नाही. 1943 मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, एम्ड्रुपला त्यानं चक्क भंगाराचं मैदान करून दिलं. फळ्या, विटा, खिळे, हातोडे, आणि पोरं. पुढे तो म्हणायचा, मी केलेल्या कामांत सर्वात कुरूप हेच आणि सर्वात सुंदरही हेच. मग 1971 मध्ये सायमन निकल्सननं 'सुट्या वस्तूं'चा सिद्धान्त मांडला. जितक्या सुट्या वस्तू हाताशी, तितकी कल्पकता, असा त्याचा मथितार्थ. हा निकल्सन कोण, तर शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आणि चित्रकार बेन निकल्सन यांचा मुलगा, तोही तिळ्यांपैकी एक! घरात एकीकडे दगडाचा चुरा, दुसरीकडे रंगाच्या नळ्या आणि मधे एका वयाची तीन पोरं. त्या घरातून पसाऱ्याचा सिद्धान्त नाही निघणार तर काय नीटनेटकेपणाचा निघेल?

तर हे सोरेन्सन, हे निकल्सन आपल्याला तोंडपाठ. आणि ताराबाई मोडक? त्या कोण, असं मला एका अत्यंत आधुनिक आईनं विचारलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही! अहो, लग्न होऊन अमरावतीत आलेल्या बाई त्या, म्हणजे आपल्या विदर्भाच्या सूनबाई. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, 1945 मध्ये बोर्डीला, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना सोबत घेऊन आदिवासी पोरांच्या अंगणवाड्या, कुरणशाळा. साहित्य काय? पानं, बिया, खडे, शिंपले, माती, काड्या. ज्याला आज आपण 'लूज पार्ट्स' म्हणून कुरिअरनं मागवतो आणि ज्याच्या पुड्यावर लाकडी गोट्यांचे भाव बघून डोळे पांढरे होतात, ते सगळं त्या पोरांना झाडाखाली मिळायचं. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. शिंपल्यांचं पार्सल मात्र त्यांच्याकडे कधी आलं नसावं.

तसेच आपले अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर माणूस, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन बसला आणि त्यातून त्रिकोण, घनाकृती, पूल, घरं उभी केली. पुण्याच्या आयुकात मुलांचं विज्ञान केंद्र चालवलं, 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. कचऱ्यातून खेळणी कशी करायची, ते फुकट सांगतात. फुकट आहे ना, मग कशाला कोण ऐकतं? आता सरकारही या पंगतीला आलं आहे. 20 फेब्रुवारी 2023 रोजी दिल्लीहून तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' निघाला. बाहुल्या, कोडी, खेळ, चित्रं, सगळं पेटीत. पसाराही आता शासनमान्य आहे. कोणाची तक्रार?

आणि माँटेसोरीबाई! त्यांचं नाव घेतल्याशिवाय तर या बायांचा एक पसारा पूर्ण होत नाही. 'आम्ही घरी माँटेसोरी पद्धतीनं ठेवतो,' असं म्हणत परवा एकीनं मला जिथे बसवलं, तिथे खाली क्रेयॉन होता. माझ्या झब्ब्यावर अजून जांभळा आहे. अहो, माँटेसोरीबाईंचा सगळा कटाक्ष कशावर, तर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, मुलाच्या हाताला येईल असं बुटकं कपाट, एक काम काढायचं, चटईवर बसून करायचं, परत होतं तिथे नेऊन ठेवायचं, मगच दुसरं. 1939 मध्ये त्या मद्रासला अड्यारला आल्या, युद्धामुळे अडकल्या आणि कितीतरी शिक्षकांना हेच शिकवत राहिल्या. त्या जर आज आपल्या रामदासपेठेतल्या या 'माँटेसोरी' घरात आल्या, तर पहिल्यांदा पदर खोचतील. त्या इटालियन होत्या, पदर नव्हता, हे मला माहीत आहे. तरी खोचतील!

पण आपल्याला काय त्याचं? आपण मजा बघायची. आणि मजा बघायची तर बाटलेल्यांची बघावी! जुन्या भक्तापेक्षा नवा भक्त जास्त जोरात टाळ कुटतो. कालपर्यंत चपला एका रेषेत नसतील तर घर डोक्यावर घेणारे एक निवृत्त काका, आता नातवाच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन समोर जुना मिक्सर ठेवतात. 'खोलू द्या हो त्याले, समजून राहिला तो!' मिक्सर खोलला गेला, समजला गेला, आता चटणी पाट्यावर वाटली जाते. दुसऱ्या एका घरी ऐन मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री, नातीनं कूलरमधली खस उपसून पक्ष्यासाठी घरटं केलं. घरटं सुरेख झालं! आजोबा बनियनवर घामाघूम बसले होते, पण तोंडावर कौतुक. 'हवा थोडी गरम येते, पण हात पाहा पोरीचा!' आता ज्या माणसानं मुलाच्या लहानपणी कूलरच्या पाण्यात कागदी होडी सोडली म्हणून त्याला गॅलरीत उभं केलं होतं, तो हाच का? हाच. मुलगा शेजारी बसून दात-ओठ खात होता.

आणि बाप मंडळी? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! ज्यांनी जन्मात स्वतःचा ओला टॉवेल गादीवरून उचलला नाही, ते आता तत्त्वज्ञ झाले आहेत. 'घरात थोडी अव्यवस्था हवी, मुलांवर दडपण येत नाही.' मुलांवर? की तुमच्यावर? मोजे सोफ्याखाली, ऑफिसची बॅग डायनिंग टेबलावर, आणि विचारलं तर म्हणे पोरांना मोकळं वातावरण मिळून राहिलं! यांचे मोजे बघून पोरगं काय होणार, पिकासो?

कबाडीवाल्याचं दुःख वेगळंच. आमच्या भागात ठेला घेऊन येणारा भाऊ मागच्या महिन्यात फाटकाशी हताश उभा होता. पूर्वी रविवारी त्याला दहा घरांतून खोकी, डबे, बाटल्या मिळायच्या. आता? 'ताई, आधी तुम्ही मला द्यायच्या, आता मलाच मागून राहिल्या!' खरं आहे. बायका त्याच्या ठेल्यावर वाकून अंड्यांचे ट्रे, पुठ्ठ्याच्या नळकांड्या, दोऱ्यांची रिकामी रिळं निवडत होत्या, आणि शेवटी भावही करत होत्या. त्यानं एका सायकलच्या चाकाचे पन्नास रुपये सांगितले. दोघींमध्ये जुंपली. चाक कुठे गेलं विचारू नका. एका दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे, त्याला चिंध्या बांधल्या आहेत, खाली पोराचं नाव आणि वय लिहिलंय.

वाढदिवसही आता तसेच. केक दुय्यम. मुख्य कार्यक्रम गच्चीवर, तिथे शाडू, रंग, पाणी, कणीक आणि बारा पोरं. आया कडेनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात मोबाइल. आणि हे मी या कानांनी ऐकलं, 'बेटा, थोडं अजून पसरव ना, फोटोत कमी दिसून राहिलंय!' पोरगं बिचारं एका कोपऱ्यात एकच रंग एकाच जागी मन लावून घोटत होतं. त्याला पसरवायचंच नव्हतं. आईनं हात धरून पसरवलं! जाताना परतभेट म्हणून प्रत्येकाला एक पिशवी, तिच्यात बाटल्यांची झाकणं, बटणं आणि बुचं. आपल्या वेळी अशी पिशवी कोणी दिली असती तर आईनं ती दारातच परत केली असती. आता ती कपाटात जपून ठेवतात, कारण पुढच्या वाढदिवसाला आपल्यालाही वाटायची आहेत.

तान्हा पोळा तर या सगळ्यावर कळस. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी मुलांसाठी हा सण नागपुरात सुरू केला असं सांगतात. मोठ्यांचे बैल मोठ्या पोळ्याला. दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल, सजवायचे, मिरवायचे आणि घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. किती साधी, सुंदर गोष्ट! लाकडाचा बैल, थोडी झूल, थोडी बेगड, पोराच्या हाताचे चार रंग. आता? आठ दिवस आधीपासून घर म्हणजे कारखाना. थर्माकोलच्या भुशानं कूलर चोंदलेला, सोनेरी चमकी वरणात, गरम गोंदाची बंदूक देवघरासमोर. 'पोरगं करून राहिलं,' असं सांगायचं, आणि रात्री दोन वाजता बाप बैलाच्या शिंगांना एलईडी लावतोय! पोरगं? ते केव्हाच झोपलं. सकाळी वेशभूषेत शेतकरी होऊन बैलाशेजारी उभं राहिलं, बक्षीस मिळालं, बाबा स्टेजवर आईपेक्षा जास्त लाजले.

त्याच दिवशी सकाळी आपली मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते. 1881 पासूनची काळी, 1885 पासूनची पिवळी, सोबत बडगे, आणि 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. गावाची रोगराई, पीडा, महागाई सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. बांबू, कागद, कापड, रंग! दीडशे वर्षं होत आली, हे गाव भर रस्त्यात पसारा मांडून त्यातून एवढी मोठी कला उभी करतं आणि संध्याकाळपर्यंत जाळून मोकळंही होतं. यंदा महालातल्या एक आजी खिडकीतून हात जोडून काय पुटपुटत होत्या ठाऊक आहे? 'आमच्या घरातली खोकी घेऊन जा गे मारबत!' सुनेनं ऐकलं. दोन दिवस अबोला होता.

आता आतली गोष्ट सांगते. या सगळ्या पसारेवाल्या घरांत एक खोली बंद असते. कधी पाहिलंत? पाहुणे यायच्या आधी तिचं दार लोटलेलं असतं. एकदा एका घरी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि चुकून तेच दार ढकललं. अगं बाई! धुतलेल्या, न धुतलेल्या कपड्यांचा डोंगर, त्यावर इस्त्री, इस्त्रीवर शाळेच्या वह्या, अर्धी उघडी सूटकेस, मागच्या दिवाळीचे कंदील. हा खरा पसारा! हा का बरं दाखवत नाहीत? बाहेरचा आहे तो मांडलेला, रांगोळी मांडावी तसा, निळ्याशेजारी पिवळं, खोक्याला तिरपा कल, डायनासोर कॅमेऱ्याकडे तोंड करून. एक पसारा शोकेसमधला आणि एक घरातला. आयांची शोकेस काचेची होती, लेकींनी ती फरशीवर पसरली, बाकी हात लावायची बंदी होती तशीच आहे. फरक इतकाच, की तेव्हा पोरांनी हात लावायचा नव्हता, आता आजीनं लावायचा नाही.

आणि या सगळ्या सिद्धान्तांची गाठ शेवटी सकाळी साडेनऊला मावशींशी पडते. सोरेन्सन, निकल्सन, फ्लेमिंग, सगळे तिथे गप्प! मावशी झाडू घेऊन उंबऱ्यात उभ्या राहतात, कमरेवर हात, आणि विचारतात, 'ताई, हे झाडायचं का घडून राहिलं?' काय बोलणार? बहुतेक घरांत बाई आधी इकडेतिकडे बघते, पोरगं शाळेत गेलंय याची खात्री करते आणि हळूच म्हणते, 'झाडा मावशी.' दुपारी पोरगं येऊन विचारतं, माझा रॉकेटचा कारखाना कुठे गेला? तेव्हा नाव मावशींवर. महिन्याचे तेवढेच पैसे, काम दुप्पट, वर शास्त्रज्ञाची हत्या केल्याचा आळ! या बायांच्या पगारात सर्जनशीलतेचा वेगळा भत्ता हवा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंही. अंगठा एकाही घरातून आला नाही.

पण काय हो, इतक्या रसानं हे वाचून राहिलात, तुमच्या घरी काय परिस्थिती आहे? खरं सांगा. बाल्कनीत ते वॉशिंग मशीनचं खोकं अजून का ठेवलंय? 'लागेल कधीतरी' म्हणून ना? आणि ती आइसक्रीमच्या काड्यांची बरणी? परवा भाच्यानं भिंतीवर पेनानं गाडी काढली, तेव्हा तुम्ही ओरडलात, आणि मग मागे सरून, मान तिरपी करून म्हणालात की नाही, 'चाकं मात्र गोल आलीत हं'? भाड्याच्या घराची भिंत ती. घरमालक काका अजून आलेले नाहीत, आले की डिपॉझिटातून गाडीची किंमत कापतील. तरी पुसली नाहीत ना? पाहा! पसारा वाईट, पोरगं वाया जाणार, हे सगळं दुसऱ्याच्या घरापुरतं.

तर एवढंच करा. मांडून दिलेला पसारा बंद, मोबाइल खाली, ट्रे-बिरे परत कपाटात. पोराला एक खोकं द्या आणि त्या खोलीतून बाहेर निघा. संध्याकाळी त्याच्या हातात सुपडी द्या. मावशींना रविवारची पगारी सुटी द्या. आणि आमच्याकडे याल तेव्हा चपला दाराबाहेर काढू नका, घालूनच आत या. हॉलभर लेगो पडलेले आहेत.